नाताळ, संत्रे आणि आपल्या मुलांचे इंग्रजी

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





मला बोलण्यासाठी दिलेला विषय 'प्राथमिक वर्गातील इंग्रजी' असा आहे. विषय मोठा आहे आणि अध्यक्षसाहेबांनी वेळ मात्र मोजून दिलेला आहे. म्हणून त्यातील एकच लहानसा कोपरा मी घेतो. डिसेंबर महिन्यात, नाताळच्या निमित्ताने, पहिली ते पाचवीच्या मुलांकडून इंग्रजीच्या तासाला काय करून घेता येते, एवढेच मी सांगणार आहे. आपल्या संस्थेच्या व्यासपीठावर नाताळचे काय काम, असे काहींच्या मनात आले असेल. तो प्रश्न मनात न ठेवता उघड विचारला जावा असे मला वाटते, आणि खरे सांगायचे तर तो विचारला गेलेलाही आहे.

मला दोन प्रकारचे पालक भेटतात. एक म्हणतात, "सर, पोरीला इंग्रजी पाहिजे तेवढं शिकवा, पण त्यात हे नाताळचं कशाला? उद्या घरी येऊन झाड मांडा म्हणेल." दुसरे म्हणतात, "सर, त्या कॉन्व्हेंटमध्ये केवढं मोठं झाड लावतात, सांताक्लॉज येतो, पोरं गाणी म्हणतात. आपल्याकडे काहीच का नाही? म्हणून तर लोक पोरांना तिकडं घालतात." पहिल्या पालकांना मूल हातचे जाईल याची धास्ती आहे, दुसऱ्यांना ते मागे पडेल याची. दोघेही आपल्या मुलाच्या काळजीनेच बोलत असतात. त्यामुळे दोघांनाही उत्तर देणे शिक्षक म्हणून माझे कर्तव्य आहे.

पहिल्या पालकांची शंका आधी घेतो. ती अडाणीपणाची आहे असे कोणी समजू नये, कारण तिच्यामागे इतिहास आहे. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. त्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज १८८३ साली निघाले आणि ते आजही चालू आहे. त्या काळी मिशनच्या शाळेत इंग्रजीचा धडा आणि बायबलचा धडा एकाच छपराखाली मिळत असे. आपल्या वाडवडिलांनी इंग्रजीकडे संशयाने पाहिले ते यामुळे. परंतु त्याच संस्थांतून सर्व धर्मांची मुले शिकून बाहेर पडली आणि आपापल्या धर्मात राहून वकील, डॉक्टर, शिक्षक झाली, हेही आपण विसरता कामा नये.

आज तर आपल्या राज्यघटनेनेच ही काळजी घेतलेली आहे. घटनेच्या २८व्या कलमाप्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणाही विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात अथवा उपासनेत भाग घेण्याची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर त्यासाठी पालकाची संमती लागते. हे कलम आपल्या मुलांचे दुसऱ्यांच्या शाळेत रक्षण करते आणि दुसऱ्यांच्या मुलांचे आपल्या शाळेत. तेव्हा वर्गात प्रार्थना नाही, उपासना नाही, ही मर्यादा आम्ही शिक्षकांनी पाळलीच पाहिजे. पालकांनी तीवर लक्ष ठेवले तर मला त्यात काही वावगे वाटत नाही.

ती मर्यादा कोठे येते, याचे एक उदाहरण देतो. इंग्लंडात मुलांचा 'क्रिस्टिंगल' नावाचा एक विधी आहे. संत्र्याला लाल फीत बांधतात, वर मेणबत्ती खोचतात, चार काड्यांवर गोड पदार्थ टोचतात. मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी १७४७ साली जर्मनीत मेणबत्ती आणि लाल फितीने याची सुरुवात केली. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये तो १९६८ पासून रूढ झाला. दिसायला फार सुंदर आहे आणि संत्र्याच्या गावी करायला सोपाही आहे. पण त्यात संत्रे म्हणजे जग, मेणबत्ती म्हणजे येशू आणि लाल फीत म्हणजे त्याचे रक्त असा अर्थ भरलेला आहे. तो ख्रिस्ती बांधवांच्या श्रद्धेचा भाग आहे. त्याचा आदर ठेवून तो आपण वर्गात करू नये, असे माझे मत आहे.

आता झाड, सांताक्लॉज आणि गाणे यांच्याकडे पाहा. नाताळचे झाड ही मूळची जर्मनांची चाल. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र छापून आले आणि मग ती इंग्रजांच्या घरोघर गेली. आपल्याकडील बहुतेक शाळांत म्हटले जाणारे 'जिंगल बेल्स' हे गाणे जेम्स पिअरपाँट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने रचले आणि ते १८५७ साली छापले गेले. त्यात नाताळचा उल्लेखच नाही. बर्फावरून घोड्याची गाडी हाकण्याची मौज एवढाच त्याचा विषय आहे. सांताक्लॉज हे नाव डच भाषेतील 'सिंटरक्लास'वरून आले, म्हणजे संत निकोलस. हे निकोलस चौथ्या शतकात मायरा येथे बिशप होते आणि मायरा आजच्या तुर्कस्तानात येते. बर्फातून येणाऱ्या त्या लाल डगल्यातल्या म्हाताऱ्याचे मूळ गाव भूमध्य समुद्राकाठचे निघावे याची मुलांना फार गंमत वाटते. नकाशावर ते दाखवले की भूगोलही होतो.

राहता राहिली हजरत ईसा अलैहिस्सलाम यांची गोष्ट. ते आपल्यालाही पैगंबर म्हणून वंदनीय आहेत. कुरआन शरीफातील १९वी सूरह त्यांच्या मातेच्या, बीबी मरयम यांच्या नावाची आहे आणि तिच्यात त्यांच्या जन्माचे वर्णन आहे. खजुराच्या झाडाखालचा तो प्रसंग आपल्या मुलांनी घरी ऐकलेला असतो. त्यांना ईश्वराचा पुत्र मानणे हा ख्रिस्ती लोकांचा विश्वास आहे, आपला नाही. हे मुलांना चौथी-पाचवीत सहज समजते. त्याहून खोल प्रश्नांचा निवाडा करणे इंग्रजीच्या शिक्षकाचे काम नव्हे. ते घरातील वडिलधाऱ्यांना विचारावेत.

दुसऱ्या पालकांना मात्र मला जरा स्पष्ट बोलावे लागेल. मोठे झाड, चमकीच्या माळा, कापसाची दाढी लावलेला सांता, प्रत्येक मुलास लाल डगला आणि त्यासाठी नागपूरच्या बाजारात पालकांच्या फेऱ्या, एवढे सर्व होऊन मूल इंग्रजीची किती वाक्ये बोलते? 'मेरी ख्रिसमस' आणि 'हो हो हो'. यांपैकी दुसरे तर इंग्रजीही नव्हे. फोटो चांगले येतात, हे कबूल. पण मुलाने तासभर हात जोडून रांगेत उभे राहून पाहिलेला समारंभ हा भाषेचा पाठ होत नाही. ज्या घरात पंधरा दिवसांची मजुरी एका डगल्यात जाते, त्या घराला तो समारंभ महागही पडतो.

आपल्या मुलांची खरी अडचण वेगळीच आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज मॅट्रिकला बसणारे मूल दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. त्याला स्पेलिंगे येतात, निबंध पाठ असतो, क्रियापदाची तीन रूपे धडाधड म्हणते. आणि नागपूरला कॉलेजात गेल्यावर फॉर्म कोठे द्यायचा हे इंग्रजीत विचारताना त्याची वाचा बसते. मुलींचे तर आणखी कठीण. भाषेच्या भीतीने विज्ञान शाखा सोडलेल्या हुशार मुली आपल्या सर्वांच्या ओळखीत आहेत. त्या मुलींना इंग्रजी शिकवले गेले, पण स्वतःचे काही इंग्रजीत सांगण्याची वेळ त्यांच्यावर वर्गात कधी आलीच नाही.

शिक्षक पेन हातात धरून विचारतो, "व्हॉट इज धिस?" सारा वर्ग ओरडतो, "इट इज अ पेन." शिक्षकाला ते पेन आहे हे ठाऊक असते, मुलांना ठाऊक असते, आणि मुलांना ठाऊक आहे हेही शिक्षकाला ठाऊक असते. असा प्रश्न बाजारात कोणी कोणाला विचारत नाही. ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला माहीत नाही असा प्रश्न वर्गात आणावा, मग मूल भाषा शोधू लागते. हे माझ्या डोक्यातून निघालेले शास्त्र नव्हे. श्री. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील साध्यासुध्या शाळांतून हाच प्रयोग केला. तो 'बेंगळूर प्रकल्प' म्हणून जगभर ओळखला जातो. त्यांनी व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रके, हिशेब अशी कामे दिली आणि काम करता करता इंग्रजी शिकू दिले. सण हेही असेच एक काम आहे. सणात काही तयार करायचे असते, कोणाला तरी द्यायचे असते, काही खायचे असते.

ईदच्या निमित्ताने हे का करू नये, असे आपण विचाराल. जरूर करावे आणि आम्ही करतोही. पण हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी सरकते. २०२५ व २०२६ साली ती मार्चमध्ये, परीक्षांच्या तोंडावर आली. नाताळ मात्र ठरलेल्या तारखेला, दुसऱ्या सत्राच्या मध्यावर येतो. दिवाळीच्या सुटीनंतरचा हा काळ शांत असतो. शिवाय त्याच वेळी आपल्या काटोलात आंबिया बहाराचे संत्रे तोडीला आलेले असते. माझ्या मते आपल्या मुलांसाठी नाताळातील सर्वांत उपयोगाची वस्तू तीच आहे.

आपल्याला वाटते संत्रे आपले आणि नाताळ साहेबाचा. पण इंग्लंड-अमेरिकेत नाताळच्या आदल्या रात्री मुले पायमोजा टांगून ठेवतात आणि सकाळी त्याच्या टोकाशी एक संत्रे सापडते, ही जुनी रीत आहे. थंडीत तेथे ताजे फळ दुर्मीळ असल्यामुळे गरिबाच्या मुलाला ते वर्षातून एकदाच मिळे. कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जपानी संत्री याच दिवसांत बोटीने येऊ लागली. ही गोष्ट संत्रा बागायतदारांच्या मुलांना सांगितली की त्यांची मान जरा ताठ होते. त्यांच्या बापाच्या बागेत गाडीने मोजले जाणारे फळ तिकडे मुलांचे बक्षीस होते.

आणि शब्द पाहा. इंग्रजी 'ऑरेंज' आला कोठून? आपला संस्कृत 'नारंग', तो फारसीत गेला, फारसीतून अरबीत 'नारंज' झाला, अरबांनी फळाबरोबर शब्दही स्पेनपर्यंत नेला, आणि पुढे वाटेत सुरुवातीचा 'न' गळून फ्रेंचांमार्फत तो इंग्रजांकडे 'ऑरेंज' होऊन पोहोचला. घरी उर्दूत आपण नारंगी म्हणतोच. उलट गोड संत्रे युरोपात पोर्तुगीजांनी पसरवले, म्हणून आजच्या अरबीत त्याला 'बुर्तुकाल' म्हणतात, म्हणजे पोर्तुगाल. मराठीतला 'नाताळ' शब्दही त्याच पोर्तुगीजांचा. घरी दादी ज्याला 'बडा दिन' म्हणते तो दिवस, मराठीतला नाताळ आणि पुस्तकातला ख्रिसमस एकच, हे फळ्यावर लिहिले की आपल्या मुलांना तीन भाषा येतात ही उणीव नसून ठेव आहे, हे त्यांना पटते.

आता प्रत्यक्ष तास कसा चालतो ते सांगतो. चौथीचा वर्ग धरा. प्रत्येक मुलापुढे एक संत्रे आणि एक वर्तमानपत्राचा कागद. पहिला नियम असा, की सांगितल्याशिवाय सोलायचे नाही. हा नियम पाळणे मुलांना अतिशय जड जाते. मी विचारतो, "हाउ मेनी सेगमेंट्स?" सेगमेंट म्हणजे फोड, एवढा एक शब्द मी सांगतो. आत किती फोडी आहेत हे मलाही माहीत नाही, देवालाच माहीत. मुले संत्रे फिरवतात, दाबतात, देठाकडून पाहतात. "आय थिंक नाइन." "आय थिंक ट्वेल्व्ह." प्रत्येकाचा अंदाज त्याच्या नावापुढे फळ्यावर लिहायचा. मग "पील इट. पुट द पील ऑन द पेपर. ओपन इट. काउंट." पाच मिनिटे वर्गात फक्त वास आणि मोजणी. नंतर, "आय हॅव टेन." शेजारणीचे सांगायचे तर, "शी हॅज इलेव्हन." हॅव आणि हॅज यांतला फरक मी पूर्वी फळ्यावर तक्ते काढून शिकवत असे. संत्र्याच्या तासाला तो शिकवावा लागत नाही, कारण माझ्या फोडी आणि तिच्या फोडी यांत गल्लत झालेली कोणत्याच मुलाला चालत नाही! 'अ बनाना' पण 'अॅन ऑरेंज', हेही तोंडात बसते. 'अ ऑरेंज' म्हणताना जीभ अडखळते ते मुलेच दाखवून देतात.

पुढे बिया मोजायच्या, गोड की आंबट ते सांगायचे, कोणाचा अंदाज बरोबर आला ते शोधायचे. पण या तासाचा खरा लाभ वेगळ्याच ठिकाणी होतो. वर्गात चार-पाच मुले तरी संत्रा बागेतील असतात. एखाद्या वर्षी एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, उठून मराठीत सांगतो की यंदा आमच्याकडे फळगळ फार झाली, बाबांनी औषध मारले तरी थांबली नाही. मी फळ्यावर दोन शब्द लिहितो, 'फेल' आणि 'लॉस्ट'. तो जरा विचार करून म्हणतो, "द ऑरेंजेस फेल. वुई लॉस्ट मनी." अवघ्या सहा शब्दांचे हे इंग्रजी मला परीक्षेतल्या पाठ केलेल्या निबंधापेक्षा मोलाचे वाटते. त्याला काही सांगायचे होते आणि ते त्याने सांगितले. भूतकाळाचे रूप त्याला गरजेने मिळाले आणि गरजेने मिळालेले रूप मूल विसरत नाही.

दुसरा उद्योग भेटकार्डाचा. पहिले छापील नाताळ-कार्ड १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी काढवून घेतले. ती कल्पना टपालाबरोबर आपल्याकडे आली, आणि पुढे मुंबई, दिल्ली, लाहोरच्या छापखान्यांनी ईदकार्डे छापली. मी लहान असताना रमजानात दुकानाबाहेर दोरीला टांगलेली ती कार्डे पाहिली आहेत. मोबाइलने तो व्यवहार जवळजवळ संपवला. वर्गात मात्र कार्ड हे सोन्यासारखे साधन आहे, कारण ते आज्ञांनी तयार होते. "टेक अ पेपर. फोल्ड इट. फोल्ड इट अगेन. ओपन इट. ड्रॉ अ स्टार. कट इट. डोन्ट टेअर इट. पेस्ट इट हिअर." ऐकून हाताने कृती करणे ही पद्धत हॅरल्ड पामर यांनी १९२५ साली पुस्तकरूपाने मांडली होती आणि १९६०च्या दशकात अमेरिकेत जेम्स अॅशर यांनी तिला शास्त्राचे रूप दिले. लहान मूल घरी बोलण्याआधी वर्षभर नुसते ऐकत आणि करत असते, तेच वर्गात करायचे. पहिली-दुसरीच्या मुलांवर बोलण्याची सक्ती नको. हात बरोबर चालला म्हणजे कान बरोबर चालला. थोडी खोडी मी करतो. तोंडाने 'फोल्ड' म्हणतो आणि हाताने कापून दाखवतो. जे मूल माझा हात पाहून करते ते फसते, जे ऐकते ते जिंकते. तिसऱ्या दिवशी एक मूल शिक्षकाच्या जागी उभे राहून आज्ञा देते आणि मी बाकावर बसून कार्ड करतो. त्या वेळी माझ्या घड्या वाकड्या झाल्या तर वर्गाला जो आनंद होतो तो विचारू नका.

कार्ड कोणाला? खऱ्या माणसाला. आपल्या ओळखीत एखादे ख्रिस्ती कुटुंब असेल, रुग्णालयातील एखादी सिस्टर असेल, तर त्यांना नाताळचे द्यावे. शेजारधर्म म्हणून त्यात संकोच नको. ज्या पालकांना ते रुचत नाही त्यांच्या मुलांनी नव्या वर्षाचे करावे, किंवा चंद्र-ताऱ्याचे करून ईदसाठी जपून ठेवावे. घड्या त्याच, आज्ञा त्याच, 'टू' आणि 'फ्रॉम' तेच. अशी सोय ठेवली की कोणत्याही मुलाला वर्गाबाहेर बसावे लागत नाही, आणि हे मी फार महत्त्वाचे मानतो.

उच्चाराबद्दल थोडे. आपल्या घरांत स्कूलला 'इस्कूल' आणि स्टेशनला 'इस्टेशन' म्हणतात. यात जिभेचा दोष नाही. उर्दूत शब्दाच्या आरंभी असे जोडाक्षर येत नाही, म्हणून जीभ आधी 'इ' घेते. पुढे मुलाखतीत याच 'इस्कूल'ला लोक हसतात, आणि मूल गप्प बसते. नाताळच्या इंग्रजी शब्दांत नेमकी हीच जोडाक्षरे खच्चून भरली आहेत. स्टार, स्नो, स्टॉकिंग, स्ले, स्वीट. यावर माझा उपाय मराठीतला आहे. मराठीत स्नेह, स्तर, स्वर हे शब्द मुले सहज म्हणतात. आधी 'स्नेह' म्हणायचे, मग 'स्नो'. 'स्वर', मग 'स्वीट'. सापासारखा लांब 'स्स्स' काढून पुढचे अक्षर जोडायचे. 'जिंगल बेल्स' म्हणायचे असेल तर टाळीवर म्हणावे. इंग्रजीत काही अक्षरांवर जोर पडतो आणि बाकीची पटकन उरकतात, ते टाळीने अंगात भिनते. पण गाणे अर्थासकट म्हणावे. बर्फ न पाहिलेल्या काटोलच्या मुलाला फ्रिजमधला बर्फ हातात देऊन 'कोल्ड' आणि 'मेल्ट' शिकवण्यास दोन मिनिटे पुरतात.

शेवटी गोष्ट. संत निकोलस यांच्याविषयी एक जुनी आख्यायिका आहे. एका गरीब बापाला तीन मुली. हुंड्याला पैसा नाही, म्हणून लग्ने होत नाहीत. निकोलस यांनी रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. पायमोज्यातले संत्रे हे त्या सोन्याची आठवण, असे काही जण मानतात. ही गोष्ट मी इंग्रजीत सांगतो. "अ पुअर मॅन हॅड थ्री डॉटर्स. ही हॅड नो मनी." पुढचे वाक्य भाषांतर करून सांगावे लागत नाही, मुली लगेच ओळखतात. विलायतेतील मुलांना या गोष्टीत हुंडा म्हणजे काय ते समजावून द्यावे लागत असेल, आपल्या मुलींना नाही. पाचवीच्या एका मुलीने मला विचारले, "सर, व्हाय मनी?" दोनच शब्द. मी म्हटले, धिस इज अ गुड क्वेश्चन, आणि वर्गाला घरी विचारून यायला सांगितले. काय काय उत्तरे आली ती मी येथे सांगत नाही. ज्यांच्या घरी तो प्रश्न गेला ते पालक या सभेत बसलेले आहेत.

इंग्रजी शिकणे वेगळे आणि सर्व विषय इंग्रजीतून शिकणे वेगळे, हे या ठिकाणी सांगून ठेवतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण द्यावे असेच म्हटले आहे. आपली भाषा पक्की असलेले मूल इंग्रजी लवकर धरते. म्हणून केवळ इंग्रजीच्या मोहाने पाचव्या वर्षी मुलाची शाळा बदलू नका, अशी माझी विनंती आहे.

ज्या माता म्हणतात, "सर, आम्हाला इंग्रजी येत नाही, घरी काय घेणार?", त्यांना मी सांगतो की न येणे हे येथे उपयोगाचे आहे. मुलाला शिक्षक होऊ द्या. शीरखुर्मा करताना त्याने म्हणावे, "बॉइल द मिल्क. अॅड द शुगर. स्टर इट." अम्मीने त्याप्रमाणे करावे आणि समजले नाही तर परत विचारावे. रोज दहा मिनिटे पुरेत. पाहुण्यांपुढे "इंग्रजी बोलून दाखव" असे मात्र कोणी म्हणू नये. त्याने मूल आठ दिवस मागे जाते, हा माझा अनुभव आहे.

२५ डिसेंबरला सुटी असल्यामुळे हे सर्व उद्योग आम्ही त्याआधीच्या आठवड्यात घेणार आहोत. कोणाही पालकाने त्या तासांना मागे येऊन बसावे, परवानगीची गरज नाही. खर्च काही नाही. जुन्या वह्यांचे कोरे कागद, एक कात्री आणि प्रत्येक मुलाबरोबर एक संत्रे एवढेच पाठवावे. बागायतदार पालकांना सांगतो, की बाजारात ज्याला चुरी म्हणून बाजूला काढतात ते बारीक फळही चालेल. आणि ज्यांच्याकडे बाग आहे त्यांनी दोन-चार जास्त दिली तर ज्यांच्याकडे नाही त्या मुलांची सोय होईल. सोलण्याआधी खाऊ नये, एवढे तेवढे मुलांना घरून बजावून पाठवावे.